फिरतीवर कोण जाणार?

दोन सँडविच, दोन-तीन कॉफी आणि दोन प्रकारचा पास्ता. एवढ्यावरून एका माणसाची बँकेतली नोकरी गेली, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल?

२०२२ च्या जुलैमधली गोष्ट आहे. सिटी बँकेच्या लंडन ऑफिसमधला एक अ‍ॅनालिस्ट तीन दिवस कामासाठी अ‍ॅमस्टरडॅमला गेला. परत आल्यावर त्याने रीतसर खर्चाचा क्लेम टाकला. दिवसाला १०० युरोची मर्यादा होती आणि त्याचा खर्च मर्यादेच्या आतच होता. पण बिलं तपासणाऱ्याला शंका आली. हे सगळं एकट्याने खाल्लं? तो म्हणाला, हो. सकाळी नाश्ता केला नव्हता, एक सँडविच दुपारी खाल्लं, दुसरं नंतर. शेवटी कळलं की त्याची पार्टनरही सोबत होती आणि बिलात तिचंही खाणं होतं. बँकेने त्याला काढून टाकलं. तो लंडनच्या एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये गेला आणि २०२३ मध्ये तिथेही हरला. प्रश्न पैशांचा नाही, खोटं बोलण्याचा आहे, असा निकालाचा सूर होता. यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगू? त्या माणसाचं स्पेशलायझेशन होतं आर्थिक गुन्हे!

ही बातमी वाचून मी आधी खूप हसले. मग वाटलं, आपल्यापैकी बरेच जण वर्ष-दोन वर्षांत नोकरीला लागणार. पहिली ऑफिस ट्रिप, पहिला विमानप्रवास, हॉटेलमधली पहिली एकट्याची रात्र हे सगळं कंपनीच्या पैशाने होणार. निदान आपल्याला तसं वाटतं. इन्स्टावर एअरपोर्ट लाउंजमधल्या कॉफीचे फोटो बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण त्या पैशांचा खेळ नक्की चालतो कसा आणि त्यात आपला नंबर लागतो कुठे, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. म्हणून हा उद्योग.

आधी आकडा घ्या. जगभरातल्या कंपन्या कामाच्या प्रवासावर वर्षाला किती खर्च करतात, याचा हिशोब ग्लोबल बिझनेस ट्रॅव्हल असोसिएशन ही संस्था दरवर्षी मांडते. २०२५ साठी तिचा अंदाज होता १.५७ ट्रिलियन डॉलर. आपल्या भाषेत १.५७ लाख कोटी डॉलर. रुपये नाही हं, डॉलर! भारताच्या वर्षभराच्या जीडीपीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम जगातली माणसं मीटिंगा, प्रदर्शनं, ट्रेनिंग आणि 'जरा क्लायंटला भेटून येतो' यावर खर्च करतात. यातला जवळपास निम्मा खर्च अमेरिका आणि चीन या दोनच देशांतला. आणि सगळ्यात मोठा वाटा विमान तिकिटांचा असेल असं वाटत असेल तर चूक. तो आहे हॉटेलांचा.

आमच्या घरात याला 'बिझनेस ट्रॅव्हल' कुणी म्हणायचं नाही. 'फिरती' म्हणायचे. बाबा औषध कंपनीत एमआर होते, हेडक्वार्टर नाशिक. महिन्याच्या सुरुवातीला टूर प्रोग्राम लिहून द्यायचा आणि मग धुळे, नंदुरबार, शहादा. संध्याकाळी घरी परत येता येईल अशा गावाचा भत्ता वेगळा, मुक्काम पडला तर वेगळा. मुक्कामाच्या गावी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमआर एकच लॉजची खोली शेअर करायचे. दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर एकमेकांचे स्पर्धक, रात्री एका खोलीत शेजारी-शेजारी! डीए वाचवून घेतलेली माझी पहिली सायकल अजून आमच्या जिन्याखाली आहे. जगातला १.५७ लाख कोटींचा हिशोब म्हणजे हीच फिरती, फक्त लॉजच्या जागी मॅरियट.

आता थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी २०२०. भारतात अजून लॉकडाउन हा शब्दही कुणी उच्चारत नव्हतं, तेव्हा स्पेनमधल्या बार्सिलोनात मोबाइल वर्ल्ड काँग्रेस रद्द झाली. मोबाइलच्या धंद्यातली ही पंढरीची वारीच. आदल्या वर्षी एक लाखाहून जास्त लोक तिथे आले होते. बड्या कंपन्यांनी एकामागून एक नाव काढून घेतलं आणि १२ फेब्रुवारीला आयोजकांनी हात टेकले. पुढचं सगळं आपण आपापल्या घरातून बघितलं. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवर दिवसाला सुमारे एक कोटी लोक मीटिंगला बसायचे. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला. त्यात तुम्ही होतात, मी होते आणि 'सर, तुम्ही म्यूटवर आहात' हे वाक्य होतं.

त्या एका वर्षात कंपन्यांचा प्रवासखर्च निम्म्याहून खाली आला. २०१९ मध्ये १.४३ लाख कोटी डॉलर होता, तो सुमारे ५४ टक्क्यांनी घसरला. आणि धंदा? तो चालूच राहिला की! मग मोठमोठ्या लोकांना साहजिकच प्रश्न पडला, की इतकी वर्षं आपण विमानात बसत होतो कशाला? नोव्हेंबर २०२० मध्ये बिल गेट्स यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या एका परिषदेत भाकीत केलं की कामाचा अर्ध्याहून जास्त प्रवास कायमचा संपेल.

संपला का? आकड्यांकडे बघितलं तर नाही. २०२४ मध्ये खर्चाने २०१९ चा आकडा ओलांडलासुद्धा. 'बिझनेस ट्रॅव्हल इज बॅक' अशा हेडलाइन्स झळकल्या. गेट्स चुकले, विषय संपला.

पण थांबा. इथे कॉमर्सवाल्या मित्रांनी हात वर केला असेल. महागाईचं काय? २०१९ मधला डॉलर आणि आजचा डॉलर एक नाही. त्याच असोसिएशनच्या हिशोबात महागाई वजा केली की खर्च अजून २०१९ च्या सुमारे १४ टक्के खालीच आहे. म्हणजे पैसे तेवढेच किंवा जास्त जातायत, पण त्या पैशांत होणारा प्रवास कमी झालाय. तिकिटं महागली, हॉटेलं महागली, आणि त्या मानाने प्रवास करणारी माणसं वाढली नाहीत. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफचा गोंधळ सुरू झाला. आधी १० टक्क्यांच्या वर वाढ होईल असं म्हणणाऱ्या असोसिएशनने आपला अंदाज ६.६ टक्क्यांवर आणला. पुढच्या तिमाहीत माल कुठे विकायचा हेच माहीत नसेल, तर तिकीट कुठलं काढणार?

मग कमी झाले ते कोणते प्रवास? क्लायंटला भेटणं बंद झालं नाही. प्रदर्शनं भरतायत, बार्सिलोनाची वारी पण पुन्हा सुरू झाली. कात्री लागली ती कंपनीच्या आतल्या प्रवासाला. पुण्याच्या ऑफिसमधून गुरुग्रामच्या ऑफिसला जाऊन तिथल्या टीमला भेटणं, दोन दिवसांचं ट्रेनिंग, 'प्लांट बघून ये' असलं काहीतरी. 'हे टीम्सवर होईल ना?' हा प्रश्न आता प्रत्येक अर्जावर विचारला जातो. पूर्वी महिन्यातून दोनदा दोन-दोन दिवस जायचे, ते आता एकदाच पाच दिवस जाऊन सगळी कामं उरकतात. आणि जिथे पूर्वी तिघं जायचे, तिथे आता एक जण जातो.

तो एक जण कोण, हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला खरा प्रश्न आहे.

माझा आतेभाऊ चाकणला गाड्यांचे प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. चाकण म्हणजे फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचं गाव, त्यामुळे जर्मनीशी संबंध रोजचाच. ही २०१८ ची गोष्ट. त्याला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. पावसाळ्यात त्यांच्या नायलॉनच्या पार्टवर चंदेरी रेघा यायला लागल्या. याला 'सिल्व्हर स्ट्रीक' म्हणतात. प्लॅस्टिकच्या दाण्यांमध्ये ओल राहिली की हे होतं, हे डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असतं. दाणे ड्रायरमध्ये वाळवले जात होते. तरी रेघा येतच होत्या. तीन आठवडे जर्मनीतल्या कंपनीशी व्हिडिओ कॉल झाले. इकडून कॅमेरा मशीनवर, तिकडून कॅमेरा मशीनवर. तापमान सारखं, प्रेशर सारखं. उत्तर काही सापडेना.

शेवटी त्याचे सर जर्मनीला निघाले आणि यालाही सोबत घेतलं. 'बॅग उचलायला' असं तोच हसत सांगतो. तिकडे सर कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन बघत बसले आणि याला कुणीतरी शॉप फ्लोअरवर सोडून दिलं. दोन तास तो नुसता उभा राहिला. आणि मग त्याला दिसलं की इथे दाण्यांचं उघडं पोतं कुठेच नाहीये. ड्रायरमधून निघालेले दाणे बंद पाइपमधून थेट मशीनमध्ये जातायत. चाकणला वाळवलेले दाणे उघड्या क्रेटमध्ये ओतून मशीनशेजारी ठेवायचे. जुलै महिना, शटर उघडं, बाहेर धो-धो पाऊस. वाळवलेले दाणे तासाभरात परत ओल धरत होते. तीन आठवडे कॅमेरा मशीनकडे होता. क्रेटकडे एकदाही वळला नाही.

मला वाटायचं ही आपल्या दादाची बढाई. पण याच विषयावर झालेला एक अभ्यास वाचला आणि गप्प बसले. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव या दोन संशोधकांचा पेपर २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यांनी लोकांच्या जोड्या केल्या. काहींना एका खोलीत समोरासमोर बसवलं, काहींना व्हिडिओ कॉलवर, आणि नव्या कल्पना सुचवायला सांगितलं. मग हाच प्रयोग भारतासह पाच देशांतल्या जवळपास दीड हजार इंजिनिअरांवर केला. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. कारण काय, तर स्क्रीनवर असताना माणूस समोरच्याच्या चेहऱ्याला चिकटून बसतो. खोलीत इकडे-तिकडे बघत नाही. नजर अरुंद झाली की डोकंही अरुंद होतं. खोलीत काय-काय वस्तू होत्या हे नंतर विचारलं, तर व्हिडिओवाल्यांना कमी आठवल्या. दादाचं क्रेट, अजून काय!

गंमत म्हणजे त्याच अभ्यासात हेही दिसलं की सुचलेल्या कल्पनांमधून चांगली कोणती ते निवडायला व्हिडिओ कॉल कमी पडत नाही. म्हणजे निर्णय घ्यायला झूम ठीक आहे. नवीन काही दिसायला, सुचायला मात्र पाय हलवावे लागतात. आता जरा विचार करा. निर्णय कोण घेतं? सर. नवीन बघायची, शिकायची गरज कुणाला जास्त असते? आणि विमानात कोण बसतं?

आणखी एक अभ्यास आहे, तो आणखी मोठ्या पट्ट्यातला. हार्वर्डच्या ग्रोथ लॅबमधले मिकेले कोशिया, फ्रँक नेफ्के आणि रिकार्डो हाउसमन यांनी मास्टरकार्डच्या कॉर्पोरेट कार्डांचा, नावगाव काढून टाकलेला डेटा घेतला. कुठल्या देशातली माणसं कामासाठी कुठल्या देशात जाऊन खर्च करतात हे तपासलं. ज्या देशात एखादा उद्योग मजबूत आहे, तिथून माणसं दुसऱ्या देशात येऊ लागली की काही काळाने त्या दुसऱ्या देशातही तो उद्योग वाढतो, असं त्यांना दिसलं. पुस्तकात, ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये न मावणारं ज्ञान माणसाच्या डोक्यात बसून प्रवास करतं. त्यांचा २०२० मधला अंदाज असा, की आंतरराष्ट्रीय कामाचा प्रवास कायमचा बंद झाला तर जगाचं एकूण उत्पन्न १७ टक्क्यांनी कमी होईल. आणि असं ज्ञान जगाला वाटणाऱ्या देशांत पहिलं नाव जर्मनीचं.

दादाला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता माझ्या हाताखाली चार पोरं आहेत. चौघांपैकी एकानेही तो प्लांट बघितलेला नाही. सर जातात. दोघांचं तिकीट पास होत नाही." तो स्वतः जातो का, असं विचारलं, तर म्हणाला, "मीच आता सर झालोय ना."

तिकीट पास होत नाही त्याला एक कारण तिकिटांच्या किमती ठरवण्याच्या पद्धतीतही आहे. विमान कंपन्यांना पूर्वीपासून माहीत होतं की कंपनीच्या पैशाने जाणारा माणूस भाव करत नाही. मीटिंग मंगळवारी आहे म्हटल्यावर तो मंगळवारीच जाणार, तिकीट तिप्पट झालं तरी. पण काउंटरवर उभा राहिलेला माणूस टूरिस्ट आहे की बिझनेसवाला, हे ओळखायचं कसं? त्यावर त्यांनी एक मस्त युक्ती काढली होती. स्वस्त तिकीट हवं असेल तर शनिवारची रात्र तिकडेच काढायची! टूरिस्टला काही फरक पडत नाही. पण कामावर गेलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी घरी पळतो, तो आपोआप महागड्या तिकिटात अडकतो.

आता उलटं झालंय. आपल्या पिढीला शनिवारची रात्र तिकडेच काढायची आहे. शुक्रवारी काम संपलं की दोन दिवस स्वतःच्या खर्चाने भटकायचं. बिझनेस आणि लेझर जोडून याला 'ब्लीझर' असं एक विचित्र नावही पडलंय. बऱ्याच कंपन्या याला हो म्हणतात, कधीकधी सोमवारचं परतीचं तिकीट त्यांनाच स्वस्त पडतं. फक्त कंपनीचा खर्च कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, ही रेघ बिलावर स्पष्ट दिसली पाहिजे. नाहीतर सँडविच आठवा. पुढच्या रुंद सीटवर बसलेला माणूस आता सुटाबुटातलाच असेल असंही नाही. अमेरिकेतल्या डेल्टासारख्या कंपन्या सांगतात की महाग सीट घेणाऱ्यांत स्वतःच्या पैशाने फिरणारे खूप वाढलेत. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या क्लासवर १२ चा १८ टक्के झालाय. ही बातमी आमच्या घरात कुणालाही लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

विमानाचे पॉइंट हा आणखी एक मजेदार प्रकार. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने फ्रीक्वेंट फ्लायर योजना सुरू केली आणि तिथून एक अजब गोष्ट घडली. तिकीट कंपनीच्या पैशाचं, पण पॉइंट माणसाच्या नावावर. म्हणजे विमान कोणतं निवडायचं, याची लाच कर्मचाऱ्याला आणि बिल मालकाला! जर्मनीत २००२ मध्ये यावरून राजकीय भूकंप झाला होता. सरकारी दौऱ्यांवर जमवलेले माइल्स खासगी प्रवासाला वापरले म्हणून नेत्यांना पदं सोडावी लागली. आपल्याकडे असं झालं तर? जाऊ दे, विषय लांबेल.

पर्यावरणाचा मुद्दाही इथे येतोच. लांबच्या एका विमानप्रवासाने होणारं प्रदूषण ऑफिसातले सगळे दिवे बंद करून भरून निघत नाही. मायक्रोसॉफ्टने यावर एक सरळ मार्ग काढला. कामाच्या प्रवासातून होणाऱ्या दर टन कार्बनमागे १०० डॉलर त्या-त्या विभागाच्या बजेटमधून कापून घ्यायचे. फ्रान्सने २०२३ मध्ये कायदाच लागू केला, की अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तर त्या मार्गावर देशांतर्गत विमान नको. त्यात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्याँ, नाँत आणि बोर्डोला जाणाऱ्या फेऱ्या बंद झाल्या. हे मला मनापासून पटतं. पण एक शंका आहे. खर्च वाचवायला ज्युनिअरचं तिकीट कापायचं आणि वार्षिक अहवालात 'आम्ही पृथ्वी वाचवली' म्हणून छापायचं, हेही सोपं आहेच की. कापायचंच तर पुढच्या सीटपासून कापा. बिझनेस क्लासची एक सीट इकॉनॉमीच्या दोन-तीन सीटची जागा खाते, म्हणजे कार्बनही त्याच मापात.

आता खिशाचा मुद्दा. माझी मावसबहीण मुंबईत एका कन्सल्टिंग फर्ममध्ये गेल्या वर्षी लागली. नाव लिहीत नाही. हातात येणारा पगार ३८ हजार. दुसऱ्याच महिन्यात तिला पाच दिवस बंगळुरूला पाठवलं. घरात केवढा आनंद! मावशीने चकल्या दिल्या. तिकीट कंपनीने काढलं, पण हॉटेल, कॅब, जेवण हे सगळं 'आधी तुझ्या कार्डवर कर, नंतर क्लेम टाक' असं सांगितलं. पाच दिवसांचे ४१ हजार झाले. पगारापेक्षा तीन हजार जास्त. तिने क्लेम टाकला. एका कॅबची पावती पुसट होती म्हणून तो परत आला. पुन्हा टाकला. मॅनेजर रजेवर होता. क्रेडिट कार्डची तारीख आली, गेली, व्याज लागलं. पैसे सात आठवड्यांनी जमा झाले. व्याज कुणीच दिलं नाही, कारण व्याजाची पावती 'प्रवासखर्च' या सदरात बसत नाही!

बाबांना हे ऐकून धक्काच बसला. "अ‍ॅडव्हान्स नाही घेतला?" त्यांच्या काळात फिरतीवर निघायच्या आधी अ‍ॅडव्हान्स उचलायचा आणि परत आल्यावर व्हाउचर लावून हिशोब मिटवायचा, ही साधी रीत होती. ताईला अ‍ॅडव्हान्स हा शब्दच कुणी सांगितला नव्हता. तिने विचारलाही नव्हता. नवीन आहे, दुसरा महिना आहे, पैशांचं कसं विचारायचं? पण विचार करा, एका महिन्यात अशी २५ नवी पोरं वेगवेगळ्या शहरांत गेली, तर कंपनीचे दहा लाख रुपये दीड-दोन महिने कुणी वापरायला दिले? ज्यांचा पगार सगळ्यात कमी आहे त्यांनी, तेही बिनव्याजी. साहेबांकडे कंपनीचं कार्ड असतं.

म्हणून कॅम्पस प्लेसमेंटला पॅकेजचा आकडा विचारून झाला की हेही विचारून टाका. प्रवास करावा लागतो का, पहिल्या वर्षी कुणाला पाठवता, अ‍ॅडव्हान्स मिळतो का, क्लेम किती दिवसांत मिटतो. विचारणारा उमेदवार लोभी दिसत नाही, त्याला काम कळतं असंच दिसतं. हे मला एका एचआरवाल्या मॅडमनी सांगितलं. पॉलिसीची पीडीएफ पहिल्या आठवड्यात मागून घ्या, वाचा, कंटाळवाणी असली तरी. पावतीचा फोटो टेबलावरून उठायच्या आधी काढा. थर्मल कागदावरची शाई पर्समध्ये आठवड्यात उडते, ताईला विचारा. आणि एआयने पावती बनवायच्या भानगडीत पडू नका. हुबेहूब चुरगळलेली, तेलाचा डाग पडलेली खोटी पावती आता मिनिटात बनते, हे खरं आहे. पण ती पकडणारं सॉफ्टवेअरही एआयवरच चालतं आणि त्याला लंच ब्रेक नसतो.

पासपोर्ट काढला नसेल तर काढून ठेवा, हेही आलंच. व्हिसाच्या रांगेचा काही भरवसा नाही. २०२२-२३ मध्ये अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईत ५०० दिवसांच्या पुढच्या तारखा मिळत होत्या. ज्याच्याकडे आधीपासून व्हिसा होता तो गेला, म्हणजे पुन्हा सरच. दादाच्या टीममधल्या एका मुलाची निवड झाली होती म्हणे जर्मनीला न्यायला, पण त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता. वेळ कमी होता. तिकीट दुसऱ्याच्या नावावर निघालं.

गेल्या आठवड्यात ताई पुन्हा टूरवर गेली, या वेळी हैदराबाद, तीन दिवस. निघायच्या आधी तिने मेल टाकून अ‍ॅडव्हान्स मागितला. उत्तर यायला दोन दिवस लागले, पण १५ हजार जमा झाले. रात्री साडेनऊला तिने फॅमिली ग्रुपवर बिलाचा फोटो टाकला. दोन बिर्याणी, दोन लस्सी, एक डबल का मीठा. बाबांनी लगेच विचारलं, सोबत कोण आहे? तिचं उत्तर आलं, "क्लायंटकडची एक मुलगी. बिलाच्या मागे तिचं नाव लिहून घेतलंय."